काट्याची चूक किती, हे आम्हालाही कळू द्या

टूरिंग मोटरसायकली घडवणाऱ्या सर्व कंपन्यांच्या अभियंत्यांना,

सप्रेम नमस्कार.

लांबच्या प्रवासात मोटरसायकल चालवणाऱ्याच्या मनात एक हिशेब सतत चालू असतो: टाकीत किती आहे आणि पुढचा पंप किती लांब आहे. यातला दुसरा आकडा आता फोनवरचा नकाशा बऱ्यापैकी सांगतो. पहिला तुमच्या हातात आहे, आणि गाडीवरच्या सगळ्या आकड्यांत आजही तोच सर्वांत कमी भरवशाचा आहे. वेग, इंजिनचे फेरे, टायरमधली हवा, बाहेरचं तापमान हे आम्ही बघतो आणि मानतो. पेट्रोलचा काटा बघतो, पण टाकी फुल केली की ट्रिप मीटर शून्यावर आणतो आणि स्वतःचा वेगळा हिशेब ठेवतो. लांब फिरणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच करत असतो. लाखमोलाच्या गाडीवर अद्ययावत पडदा बसवलेला असताना मालकाला मनातल्या मनात भागाकार करत जावं लागतं, ही गोष्ट तुम्हाला खटकायला हवी.

मी अचूक काटा मागत नाही. मोटरसायकलच्या टाकीत तो मिळवणं किती अवघड आहे याची मला जाण आहे. माझं मागणं एवढंच आहे की काटा किती चुकतो आणि कोणत्या बाजूला चुकतो हे तुम्ही प्रयोगशाळेत मोजलेलं असतं, ते आम्हालाही सांगा. आणि ती चूक कमी करणारी साधनं गाडीवर आधीच बसलेली असतील, तर ती या कामाला लावा.

आधी अडचणीबद्दल. मोटरसायकलची टाकी चेसिसच्या मुख्य नळीवर खोगिरासारखी बसते. वर ती एकसंध असते आणि खाली मधल्या पन्हळीमुळे तिच्या दोन बगला होतात. पुढे रुंद, मागे गुडघ्यांसाठी चिंचोळी, तळ तिरका. अशा भांड्यात पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे किती पेट्रोल गेलं, याचं उत्तर प्रत्येक उंचीवर वेगळं येतं. वरच्या भागात एका सेंटिमीटरला लिटरभर जात असेल, तर तळाशी पाव लिटरही जात नसेल. त्यात फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगून काट्याला पातळी कळवणाऱ्या तरंगत्या तुकड्याच्या, दांड्याला पूर्ण उंची फिरायला जागा नसते. त्यामुळे कित्येक गाड्यांत टाकी काठोकाठ भरली की फ्लोट वरच्या टोकाला टेकतो आणि पहिले काही लिटर जाईपर्यंत हलतच नाही. काटा बराच वेळ फुलवर बसून राहतो, मग एकदा सुटला की भराभर खाली येतो. नव्या मालकाला वाटतं की गाडी अर्ध्या टाकीनंतर जास्त पेट्रोल पिते. सर्व्हिसिंगला नेली की त्याला सांगतात, ‘या मॉडेलमध्ये असंच असतं.’ हे उत्तर मीही ऐकलं आहे. ते खरं असेल, तर मॅन्युअलमध्ये का नाही?

अ‍ॅडव्हेंचर प्रकारच्या काही गाड्यांत तर टाकीच्या बगला आता इंजिनच्या दोन्ही बाजूंना पार खाली उतरल्या आहेत. वजन खाली गेल्याने गाडी हाताळायला हलकी वाटते, आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण फ्लोट एकाच बगलेत, तोही ठरावीक उंचीपर्यंतच पोचणारा असला, तर वरच्या भागातलं पेट्रोल त्याला दिसतच नाही. अशा गाडीच्या पडद्यावर वरच्या निम्म्या टाकीसाठी भरलेली पट्टी दाखवण्याऐवजी ‘इतक्या लिटरपेक्षा जास्त’ एवढंच लिहिलं तरी ते खरं ठरेल.

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २० लिटरच्या टाकीला ६ पट्ट्या दिल्या, तर एक पट्टी ३.३ लिटरची होते. लिटरला २० किलोमीटर धरले तर ते ६६ किलोमीटर झाले. आता दोन पट्ट्या दिसत असतील, तर वरची पट्टी नुकतीच सुरू झाली आहे की पुढच्या वळणावर विझणार आहे, हे कळायला मार्ग नाही. तेवढ्यात ६६ किलोमीटर आले. पडद्यावर आमचा फोन, गाणी, नकाशा सगळं मावतं. ‘टाकीत अंदाजे ७ लिटर’ एवढी एक ओळही मावेल.

सेन्सरची दुखणी तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहेत. फ्लोटचा दांडा एका रोधपट्टीवर घासत सरकतो आणि ते सगळं कायम पेट्रोलमध्ये बुडालेलं असतं. संपर्क झिजतात, त्यांच्यावर थर बसतो. २००४ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात गंधकाचं प्रमाण जास्त झालेलं पेट्रोल पंपांवर गेलं होतं. त्याने सेन्सरमधले चांदीचे संपर्क खराब केले आणि मोठ्या संख्येने गाड्यांचे काटे बिघडले. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, त्याचा त्रास वेगळा. पोकळ फ्लोटला बारीक भेग गेली तर त्यात पेट्रोल शिरतं आणि तो हळूहळू बुडू लागतो. फ्लोटऐवजी बीएमडब्ल्यूने आर १२०० मालिकेत टाकीत एक तापणारी पट्टी बसवून पाहिली. तिच्यात हलणारा भाग नव्हता, त्यामुळे कल्पना चांगली होती. पण त्या पट्ट्या इतक्या वेळा बिघडल्या की काही देशांत कंपनीला त्यांची हमी वाढवून द्यावी लागली. मी हे कंपनीला दोष देण्यासाठी लिहीत नाही. उलट नवं काही करून पाहिलं आणि बिघडल्यावर हमी वाढवली, हे मला आवडलं. माझा मुद्दा असा की सेन्सर कधी ना कधी बिघडणारच, तेव्हा तो बिघडला हे चालवणाऱ्याला कळलं पाहिजे. काही जोडण्यांमध्ये तार तुटली की काटा फुल दाखवतो. हे कुणी जाणूनबुजून ठरवलं नसेल, पण याहून वाईट दिशा त्या काट्याला सापडली नसती. तार तुटली, जोड सैल झाला, रोध मर्यादेबाहेर गेला, तर काटा रिकाम्याकडे जावा आणि पडद्यावर बिघाड असं स्पष्ट लिहून यावं.

वेगाच्या काट्याबाबत जगाने हा प्रश्न आधीच सोडवला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. थोडा जास्त असला तर चालेल, आणि किती जास्त चालेल याचीही हद्द दिलेली आहे. म्हणजे चूक मान्य आहे, पण तिची बाजू आणि तिचं माप ठरलेलं आहे. पेट्रोलच्या काट्याला असाच नियम लावायला कायद्याची वाट बघायची गरज नाही, तुम्ही स्वतः तो लावू शकता.

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं त्याकडे येतो.

गाडी साईड स्टँडवर डावीकडे झुकते. सगळं पेट्रोल डाव्या बगलेकडे सरकतं, आणि चावी फिरवल्यावर पहिला आकडा त्या झुकलेल्या अवस्थेत घेतला जातो. फ्लोट डावीकडे असेल तर टाकी भरलेली वाटते, उजवीकडे असेल तर रिकामी. नंतर गाडी सरळ होते, पण सॉफ्टवेअर पेट्रोलच्या हिंदकळण्याने काटा नाचू नये म्हणून बदल सावकाश मान्य करतं, आणि चुकीचा आकडा कित्येक मिनिटं तसाच राहतो. चढावर पेट्रोल मागे जातं, उतारावर पुढे येतं. लांबलचक घाट उतरताना काटा वर सरकतो आणि सपाटीला आल्यावर पडतो, हे तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

वळणांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला फार सुंदर वाटते. गाडी वळणात झुकते तेव्हा पेट्रोल एका बगलेत जात नाही. स्थिर वेगाच्या वळणात गुरुत्व आणि वळणाचा जोर मिळून जी एकत्रित दिशा होते, ती जवळजवळ गाडीच्या उभ्या अक्षावरच असते. म्हणूनच तर गाडी पडत नाही. टाकीतल्या पेट्रोलला गाडी सरळच वाटते. म्हणजे आडव्या झुकावाची अडचण मुख्यतः स्टँडवर उभ्या गाडीची आहे, आणि चालत्या गाडीत उरते ती पुढच्या-मागच्या झुकावाची.

ही पुढची-मागची दिशा मोजणारं यंत्र तुमच्या महागड्या गाड्यांवर बसलेलंच आहे. वळणातही काम करणारा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू न देणारी व्यवस्था) २०१३-१४ च्या सुमारास केटीएम ११९० अ‍ॅडव्हेंचरवर आला, आणि तेव्हापासून झुकाव आणि त्वरण मोजणारा सेन्सर हा टूरिंग गाड्यांचा नेहमीचा भाग होत गेला. या सेन्सरमधला त्वरणमापक चढ आणि वेग घेणं यांत भेद करू शकत नाही, ही एरवी त्याची उणीव मानली जाते. पण पेट्रोललाही तो भेद कळत नाही! ब्रेक दाबला काय आणि उतार लागला काय, पेट्रोलचा पृष्ठभाग सारखाच कलतो. या एका कामासाठी त्या यंत्राचा कच्चा आकडा जसाच्या तसा उपयोगी पडतो. टाकीचा आकार तुमच्या संगणकात आहे. पृष्ठभागाचा कल कळला, फ्लोटची जागा माहीत आहे, तर उरलेले लिटर काढणं ही भूमितीची गोष्ट आहे. हेही जड वाटत असेल, तर निदान कल ठरावीक अंशांपेक्षा जास्त असताना फ्लोटचा आकडा घेऊच नका, आधीचा धरून ठेवा. आणि साईड स्टँडला तर साधा स्विच असतोच. तो खाली असताना मोजमाप टाळायला नवा भागही लागत नाही.

दुसरं साधन याहून चांगलं आहे. इंजेक्शनच्या गाडीत प्रत्येक थेंब इंजेक्टरमधून, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोटीतून, जातो, आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहिला हे इसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकानेच, ठरवलेलं असतं. किती पेट्रोल खर्च झालं याचा इतका जवळचा साक्षीदार गाडीवर दुसरा नाही. पडद्यावर दिसणारं अ‍ॅव्हरेज तुम्ही यातूनच काढता. मग उरलेलं पेट्रोल काढताना फक्त फ्लोटवर का विसंबायचं? टाकी फुल केली की चालकाला एक बटण दाबू द्या. तिथून पुढे खर्च वजा करत जा. फ्लोट वरच्या टोकाला अडकलेला असताना हाच हिशेब खरा असेल. फ्लोट मोकळा झाला की दोन्ही आकडे ताडून बघा. दोघांत लिटरभराहून जास्त फरक पडला, तर चालकाला सांगा की आकडे जुळत नाहीत. अर्धवट भरलं असेल तर किती लिटर भरलं तेही टाकू द्या. पंपाच्या यंत्रावर तो आकडा समोरच असतो. काही गाड्यांत थोडं पेट्रोल टाकलं की सॉफ्टवेअरला ते कळतच नाही, आणि कळलं तरी बऱ्याच अंतरानंतर. तो घोळ मिटेल.

‘इतके किलोमीटर बाकी’ या आकड्याबद्दल मी थोडा कठोर बोलणार आहे. हा आकडा दोन अंदाजांचा गुणाकार आहे: उरलेले लिटर आणि पुढचं अ‍ॅव्हरेज. पहिला किती कच्चा आहे ते वर आलं. दुसरा तर भविष्याबद्दल आहे, आणि तुम्ही तो मागच्या काही किलोमीटरांवरून काढता. दहा-वीस किलोमीटरचा उतार उतरून आलो की बाकीचं अंतर वाढलेलं दिसतं. चढ चढलो की झपकन कमी होतं. कोणत्याही क्षणी तो पुढच्या रस्त्याबद्दल काही सांगत नाही, मागच्या रस्त्याबद्दल सांगतो, तेही पुढच्या रस्त्याचं म्हणून.

मोटरसायकलचं अ‍ॅव्हरेज हलतंही फार. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९० वरून १२० ला गेलो की तो पावणेदोन पटीहून थोडा जास्त होतो. आणि वेग ९० चाच ठेवला पण समोरून ३० चा वारा आला, तरी हवेच्या दृष्टीने आपण १२० नेच चाललेलो असतो. पेट्या लावल्या, मागे माणूस बसला, काच उंच केली, की आणखी फरक. थंडीत हवा दाट होते. शून्य अंशाची हवा ३० अंशाच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के दाट असते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर लिटरमागे ऊर्जा साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटते, १० टक्के असेल तर त्याच्या निम्म्याने. कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र टाकीची क्षमता गुणिले प्रमाणित चाचणीचं अ‍ॅव्हरेज करून अंतर छापलेलं असतं. ती चाचणी रोलरवर होते. तिथे ना पेट्या असतात ना समोरचा वारा.

एक उदाहरण घ्या. पेट्रोल कमी झाल्याचा दिवा लागतो तेव्हा ४ लिटर उरतात असं समजा, आणि त्यात ०.७ लिटर इकडेतिकडे होतात. निवांत चालीत गाडी लिटरला २० देते, पेट्या आणि वाऱ्यासह वेगात १४. वाईटात वाईट धरलं तर ३.३ लिटर गुणिले १४, म्हणजे ४६ किलोमीटर. चांगल्यात चांगलं धरलं तर ४.७ गुणिले २०, म्हणजे ९४. तोच दिवा, तीच गाडी, आणि दुपटीहून जास्त फरक. अशा वेळी पडद्यावर ‘७३’ असा एकच आकडा दाखवणं म्हणजे नसलेली खात्री दाखवणं आहे. दोन आकडे दाखवा: याच चालीने ४६, वेग कमी केला तर इतके. तेवढ्यावर आम्ही ठरवू शकतो. वेग कमी करून पंपापर्यंत पोचायचं, की आत्ताच मागे फिरायचं, हा निर्णय चालकाचा आहे आणि तो वेळेवर घ्यायला त्याला खालचा आकडा लागतो. एकटा चालवत असेन तर मी जरा जास्त धोका पत्करेनही, मागे कुणी बसलेलं असताना नाही. हे सॉफ्टवेअरला कळणार नाही, कळायची गरजही नाही.

मग ती शून्याची गोष्ट. बऱ्याच गाड्यांत बाकी अंतर शून्य झालं तरी टाकीत बरंच पेट्रोल उरलेलं असतं. काहींत ठरावीक आकड्याखाली नुसत्या आडव्या रेघा येतात. हा राखीव साठा तुम्ही काळजीपोटी ठेवता, हे मला मान्य आहे. पण तो लपवून ठेवल्याचा परिणाम उलटा होतो. मालकाला एक-दोनदा अनुभव येतो की शून्यानंतरही गाडी चालली. मग तो शून्य मानायचं सोडतो. पुढे दुसऱ्या कंपनीची गाडी घेतो, जिच्यात शून्य म्हणजे खरोखर शून्य, आणि जुन्या सवयीने निघतो. जो साठा ठेवला आहे तो लिटरमध्ये सांगा. ज्या क्षणी आकड्याची सगळ्यांत जास्त गरज असते त्याच क्षणी आकडा काढून घेऊन रेघा दाखवणं मला अजिबात पटत नाही. यामाहाच्या अनेक गाड्यांत शेवटची पट्टी लुकलुकू लागली की ट्रिप मीटर आपोआप बदलतं आणि तिथपासून किती अंतर गेलं ते मोजू लागतं. उरलेल्याचा दावा नाही, झालेलं मोजून दाखवलं आहे. मला माहीत असलेल्या व्यवस्थांत ही सर्वांत प्रामाणिक वाटते. तिच्यात इंजेक्टरचा खर्च मिळवून ‘दिवा लागल्यापासून १.४ लिटर’ असंही दाखवता येईल.

जुन्या गाड्यांत कॉक असायचा. टाकीच्या तळाशी दोन नळ्या, एक उंच आणि एक आखूड. पेट्रोल उंच नळीच्या तोंडाखाली गेलं की इंजिन गचके खायचं, हात खाली घालून कॉक फिरवला की आखूड नळीतून उरलेलं येऊ लागायचं. गाडी रिझर्व्हला लागली, असं म्हणायचो. मला तो कॉक परत नको आहे. ओव्हरटेक करताना इंजिन घुटमळणं भीतीदायक होतं, आणि पेट्रोल भरल्यावर कॉक पुन्हा जागेवर आणायला विसरलं की रिझर्व्ह संपूनच जायचं. पण त्याच्यात एक गुण होता. नळीची उंची बदलत नव्हती. त्यामुळे रिझर्व्हला लागल्यावर गाडी किती जाते हे दर वेळी जवळपास तेच निघायचं, आणि माणूस गाडी ओळखू लागायचा. अगदीच संपलं तर गाडी आडवी करून एका बगलेत अडकलेलं पेट्रोल कॉकच्या बाजूला आणता यायचं, आणि त्यावर आणखी थोडं अंतर निघायचं.

तो गुण तुम्हाला सहज परत आणता येतो. ठरावीक उंचीवर बसवलेला छोटा थर्मिस्टर कित्येक गाड्यांत होता आणि काहींत आजही आहे. पेट्रोलमध्ये बुडालेला असताना तो थंड राहतो, उघडा पडला की स्वतःच्याच विजेने तापतो, रोध उतरतो आणि दिवा लागतो. फ्लोटशी त्याचा संबंध नाही. हल्ली खर्च वाचवायला दिवासुद्धा फ्लोटच्याच आकड्यावरून लावतात. मग फ्लोट अडकला की काटाही खोटा आणि दिवाही खोटा. दोन साक्षीदार असल्यासारखं वाटतं, पण दोघं एकाच्याच तोंडून बोलत असतात. टूरिंग गाडीत दिवा स्वतंत्र सेन्सरवरच हवा, यावर मी ठाम आहे.

याला आणखी एक कारण आहे. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप टाकीतच बुडालेला असतो, आणि त्याच्या मोटरीतून जाणारं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. कोरडा चालला तर तो खराब होतो. म्हणजे पेट्रोल संपणं हा आता फक्त ढकलत जाण्याचा प्रश्न राहिलेला नाही, सुनसान रस्त्यावर गाडी बंद पडण्याचा आहे. आणि तरीही खरा रिझर्व्ह किती हे शोधायला अनुभवी मंडळी नव्या मालकाला काय सुचवतात? कॅनमध्ये पेट्रोल बरोबर घे आणि गाडी बंद पडेपर्यंत चालव. प्रत्येक मालकाने आपला पंप पणाला लावून तोच प्रयोग करायचा, ज्याचं उत्तर तुमच्याकडे नोंदवलेलं आहे.

विमानांच्या दुनियेत हे कसं चालतं ते बघा. छोट्या विमानाच्या टाकीतलं किती पेट्रोल वापरता येतं आणि किती तळाशी अडकून राहतं, हे दोन्ही वेगवेगळं लिहिलेलं असतं. प्रमाणपत्राचा नियम असा की सरळ उडताना वापरण्याजोगं पेट्रोल संपलं की काट्याने शून्य दाखवलं पाहिजे. तरीही वैमानिक काट्यावर थांबत नाही. उडण्याआधी टाकीत मापाची पट्टी बुडवून बघतो. अमेरिकी नियमांप्रमाणे नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याने मुक्कामाला पोचून दिवसा ३० मिनिटं आणि रात्री ४५ मिनिटं उडता येईल इतका साठा ठेवूनच निघायचं असतं. मोटरसायकलला इतका बंदोबस्त लागत नाही. पण वापरण्याजोगे लिटर किती आणि अडकून राहणारे किती, हे दोन आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला छापायला काय हरकत आहे?

मॅन्युअलमध्ये ‘टाकी २० लिटर, त्यात रिझर्व्ह अंदाजे ४ लिटर’ असं एक वाक्य असतं. त्या अंदाजे शब्दात किती मावतं ते सांगा. साडेतीन ते साडेचार? तीन ते पाच? हे माप सपाट रस्त्यावरचं आहे का? २० लिटर गळ्यापर्यंत भरून होतात की आतल्या कडेपर्यंत, साईड स्टँडवर की सरळ उभ्या गाडीत? तळाशी अडकणारं पेट्रोल या २० मध्ये धरलं आहे का? तीव्र उतारावर पंपाचं तोंड उघडं पडून टाकीत पेट्रोल असताना गाडी बंद पडू शकते का, पडली तर किती उरलेलं असताना? आम्ही यातलं काही टाकी ते टाकी भरून, वहीत लिहून काढतो. त्यातही भरण्याची पातळी दर वेळी थोडी वेगळी होते, त्यामुळे एका नोंदीवर भरवसा ठेवता येत नाही, बऱ्याच नोंदींची सरासरी घ्यावी लागते. तुमच्या एका पानाने हे सगळे श्रम वाचतील.

दुरुस्तीबद्दल एकच विनंती. फ्लोटचा सेन्सर पंपापासून सुटा मिळू द्या. संपर्क झिजला म्हणून अख्खा पंप बदलायला लावलं, की लोक बदलतच नाहीत. खोट्या काट्यानिशी वर्षानुवर्षं फिरतात.

या पत्रातली कोणतीही गोष्ट नव्या शोधाची नाही. स्टँडचा स्विच, झुकावाचा सेन्सर, इंजेक्टरची वेळ, थर्मिस्टर हे सगळं आहेच. सॉफ्टवेअर सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतं, म्हणजे यातलं बरंचसं आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांतही होऊ शकतं. पण सुरुवात करायची असेल तर त्या एका पानापासून करा, कारण त्याला गाडीत एक स्क्रूही बदलावा लागत नाही: दिवा लागतो तेव्हा उरलेले लिटर, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, वापरता न येणारे लिटर, आणि काटा पाऊण, अर्धा, पाव दाखवतो तेव्हा टाकीत खरोखर किती असतं.

आमच्यातल्या अनेकांकडे भरलेल्या लिटरच्या आणि गेलेल्या किलोमीटरच्या नोंदी आहेत, कधी दिवा लागला आणि त्यानंतर किती पेट्रोल मावलं याच्याही. वेगवेगळ्या वेगांत, ओझ्यांत, हवामानात मोजलेल्या. तुमच्या आकड्यांशी ताडून बघायच्या असतील तर मागा, आम्ही आनंदाने देऊ.

आपला,
एक टूरिंग मोटरसायकलस्वार